आपल्या मुलाची फाईल आपण उघडायची
(मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावर आजवर मोठमोठ्या लोकांची व्याख्यानं झाली आहेत. मी मध्य प्रदेश सरकारच्या एका बांधकाम खात्यातला साधा उपयंत्री. सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि तेव्हापासून रस्ते, नाल्या आणि शाळाखोल्या मोजतो आहे. कार्यवाहांनी तीनदा फोन केला म्हणून उभा राहिलो. त्यांनी विषय दिला होता ‘दिव्यांग मुलांचे पालक’. मी तो जरा आवळून घेतलाय. आपल्या मुलासाठी शाळेशी बोलायचं कसं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे लिहायचं कसं, एवढंच मी सांगणार आहे. खात्याच्या वतीनं मी काही बोलत नाही. तेरा वर्षांच्या एका मुलीचा बाप म्हणून बोलतोय. फक्त फाईल कशी चालते हे मला आतून माहीत आहे, त्याचा उपयोग इथल्या चार घरांना झाला तर बरं.

आमच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या आसपास मेंदूला इजा होते आणि स्नायूंवरचा ताबा सुटतो. ती वॉकर धरून चालते, सावकाश बोलते, हात लिहायला वेळ लावतो. डोकं मात्र चोख आहे. घरातल्या किराण्याचा हिशेब मी चुकलो तर ती पकडते.

पाचवीच्या शेवटी शाळेत बोलावणं आलं. सहावीचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतात, लिफ्ट नाही. चहा आला, बिस्किटं आली. मुख्याध्यापिका अगदी मायेनं म्हणाल्या, “आम्हाला तिची काळजी वाटते. तिला त्रास होईल. तुम्ही दुसरी काही व्यवस्था बघितलीत तर तिच्यासाठीच चांगलं.” माझी बायको गप्प झाली. मी एवढंच विचारलं, “मॅडम, हेच मला शाळेच्या लेटरहेडवर लिहून द्याल का?” त्यावर त्या म्हणाल्या की बघू, अजून वेळ आहे.

नकार तोंडी असतो तोवर तो सल्ला असतो, काळजी असते, प्रेमसुद्धा असतं. कागदावर आला की त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं. दिव्यांगजन अधिकार अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम १६ सांगतं की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेनं दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत वापरण्याजोगी करावी आणि त्या मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यावी. ‘मान्यता असलेल्या’ हा शब्द ध्यानात ठेवा. म्हणजे खाजगी शाळा आल्या, आपल्या इंग्रजी माध्यमाच्या आल्या, आणि ज्यांची फी आपण हप्त्यानं भरतो त्यासुद्धा आल्या.

दुसऱ्या दिवशी मी पत्र दिलं. हिंदीत, कारण दफ्तराच्या भाषेत लिहिलेलं लवकर वाचलं जातं. मराठीत सांगायचं तर त्यात इतकंच होतं: माझी मुलगी अमुक वर्गात शिकते. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे. अमुक तारखेच्या भेटीत सहावीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर असल्याचं आपण सांगितलंत. २०१६ च्या कायद्यातल्या कलम १६ नुसार तिचा वर्ग तळमजल्यावर भरवावा ही मागणी आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं. खाली सही, तारीख, आणि जोडलेल्या कागदांची यादी. दोन प्रती. एक त्यांनी ठेवली. दुसरीवर शिक्का, सही आणि आवक क्रमांक घेऊनच मी खुर्चीवरून उठलो.

‘दया करावी’, ‘आपले उपकार होतील’, ‘ईश्वर आपलं भलं करो’ अशी वाक्यं मी घातली नाहीत. उद्धटपणाही केला नाही. माझ्या टेबलावर दोन्ही तऱ्हेची आवेदनं येतात. रडकं आवेदन वाचून वाईट वाटतं आणि ते बाजूला राहतं. भांडखोर आवेदन आलं की माणूस स्वतःचा बचाव शोधायला लागतो. कोणी, काय, कोणत्या नियमानं, कधीपर्यंत करायचं हे ज्यात असतं, त्या कागदावर काहीतरी टीप लिहावीच लागते.

सोळाव्या दिवशी उत्तर आलं. सहावीचा तो वर्ग तळमजल्यावरच्या ॲक्टिव्हिटी रूममध्ये हलवला आणि ॲक्टिव्हिटी रूम वर गेली. लिफ्ट लागली नाही, एक पैसा खर्च झाला नाही. दोन चपराशांनी एका दुपारी बेंच हलवले. वाजवी सोय म्हणतात ती ही. आपण पालक उगाच धरून चालतो की आपण मागू ते लाखांचं असणार, शाळेला परवडणार नाही, आणि आपणच आधी माघार घेतो.

बांधकाम खात्यात मेजरमेंट बुक असतं. त्याच्या पानांवर छापील क्रमांक असतात, पान फाडता येत नाही, खाडाखोड केली तर शेजारी सही करावी लागते. ठेकेदारानं ताजमहाल बांधला तरी एमबीत नोंद नसेल तर बिल निघत नाही. आमच्या घरी मुलीच्या नावाचं असं एक जाड रजिस्टर आहे. कोणत्या तारखेला कोण भेटलं, काय म्हणालं, फोन आला की आपण केला, सगळं त्यात. हे काम सौभाग्यवतीकडे आहे, आणि तिची नोंद माझ्या एमबीपेक्षा नेटकी असते. प्रत्येक भेटीनंतर ती शाळेला व्हॉट्सॲप किंवा ईमेल करते: “आज आपलं असं असं बोलणं झालं, काही राहिलं असल्यास कळवावं.” कळवत कोणी नाही. पण पुढच्या वर्षी वर्गशिक्षिका बदलली तेव्हा ‘असं काही ठरलंच नव्हतं’ असं म्हणायची सोय उरली नाही.

शाळेकडून लेखी योजना मागा. मुलाची व्यक्तिगत शिक्षण योजना म्हणतात तिला. बऱ्याच ठिकाणी ती बनतेही, पण तिच्यात ‘विशेष लक्ष देण्यात येईल’ असली वाक्यं असतात. हे अंदाजपत्रकात ‘काम चांगलं करण्यात येईल’ लिहिण्यासारखं झालं. परिमाण लिहा. फळ्यावरचं उतरवून घ्यायला वेळ लागतो, म्हणून गणित आणि विज्ञानाच्या शिक्षिका टिपणांची प्रत त्याच दिवशी देतील. वर्गातल्या चाचणीला तासाला वीस मिनिटं जादा. दर तीन महिन्यांनी आढावा, त्याची तारीख आत्ताच. असं असलं की तीन महिन्यांनी विचारता येतं.

आता प्रमाणपत्र. इथं मला थोडं कडू बोलायचंय, वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. आपल्या लोकांत अजून कितीतरी घरी हळदीकुंकवाला बायका आल्या की मूल आतल्या खोलीत जातं. मोठ्या बहिणीचं लग्न ठरेपर्यंत कोणाला कळायला नको म्हणून प्रमाणपत्र काढलं जात नाही. घराण्याला डाग म्हणे! होळकरांच्या वेळी आलेली आपली घराणी, आणि डाग कशाचा, तर मुलाच्या नावाचा सरकारी कागद असण्याचा. त्या कागदावाचून ते मूल सरकारी हिशेबात दिसतच नाही. मग त्याच्यासाठी शिक्षक कुठून येणार?

१९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. ऑटिझम आहे, बौद्धिक दिव्यांगत्व आहे, थॅलेसेमियाही आहे, आणि ज्यांना आपण ‘हुशार आहे पण आळशी’ म्हणून बदडत आलो ती वाचन-लेखनाची अडचण असलेली मुलंही आता कायद्यात आहेत. यूडीआयडी कार्डासाठी आवेदन ऑनलाइन होतं, नंतर मेडिकल बोर्डापुढे जावं लागतं. लहान मुलांचं प्रमाणपत्र बहुधा मुदतीचं असतं. ती तारीख कालनिर्णयवर लाल शाईनं लिहून ठेवा.

प्रमाणपत्रावरच्या टक्क्यांनी घाबरू नका आणि शाळेलाही घाबरू देऊ नका. आमच्याकडे एका शिक्षिकेनं ‘साठ टक्के’ वाचून विचारलं होतं की मग बाकीचं चाळीस टक्के समजतं का हिला? अहो, तो आकडा हातापायांच्या हालचालींचा आहे, अकलेचा नाही. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर कायद्याच्या भाषेत ते लक्षणीय दिव्यांगत्व होतं. त्यावर बरेच लाभ अवलंबून आहेत. कलम ३१ प्रमाणे ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पण चाळीसच्या खाली आलं म्हणजे दार बंद झालं असंही नाही. हाताला लिहिताना पेटके येणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केलं की लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्क्यांची अट लावता येत नाही. ज्याला गरज आहे त्याला वाजवी सोय मिळाली पाहिजे.

‘पसंतीच्या’ हा शब्दही बघा. विशेष शाळा वाईट, साधी शाळा चांगली, असं माझं म्हणणं मुळीच नाही. काही मुलं विशेष शाळेत फुलतात. ऐकू न येणाऱ्या मुलाला खुणांची भाषा बोलणारे सोबती तिथंच भेटतात. पण निवड आपली असावी. कोणीतरी चहा पाजून केलेली नसावी.

आता आपल्या घरांतलाच एक प्रश्न. मुलगी तीन वर्षांची असताना एका ठिकाणी आम्हाला सांगितलं गेलं, “घरात मराठी बंद करा, फक्त हिंदी बोला, नाहीतर मूल गोंधळेल.” बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी, घरी मराठी, हे इंदूरच्या कोणत्याही मराठी घराचं चित्र. आमच्या आईला हिंदीत भाजी आणता येते, पण नातीला गोष्ट सांगता येत नाही. मराठी बंद केली असती तर आजी बंद झाली असती, आणि दिवसातले चार-पाच तास त्या पोरीशी बोलणारं दुसरं होतंच कोण? आम्ही मराठी चालू ठेवली. घरात दोन भाषा असल्यानं अशा मुलांचं बोलणं मागे पडत नाही, हे आता वाचा-तज्ज्ञही सांगतात. लिहिण्या-वाचण्याचं ओझं ही वेगळी गोष्ट. तिथं कलम १७ मध्येच दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद आहे, ती शाळेकडे मागावी. सूट परीक्षेच्या पेपरातून मिळवायची, आजीच्या गोष्टीतून नाही.

बोर्डाच्या परीक्षेचं काम दहावीत सुरू करू नका. सीबीएसईत लेखनिक, तासाला वीस मिनिटांप्रमाणे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा वेळ आणि दोनऐवजी एकच भाषा, अशा सवलती आहेत. अर्ज शाळेमार्फत जातो, म्हणून नववीत नाव नोंदतानाच दिव्यांगत्वाची नोंद बरोबर आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. आमचं हे पुढच्या वर्षी आहे. आणि लेखनिक मिळाला म्हणजे झालं असं नाही. उत्तर तोंडी सांगून लिहून घेणं ही वेगळी कला आहे. आमची लेक सध्या रविवारी चुलतभावाला समोर बसवून सराव करते. “नवीन परिच्छेद, स्वल्पविराम, अरे ऱ्हस्व लिही” असा तिचा दरारा ऐकण्यासारखा असतो. ज्यांना या रस्त्यानं जमणार नाही त्यांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा विचार करावा. तिथं पाच विषयांवर दहावी होते, परीक्षा वर्षातून दोनदा असतात, आणि विषय एकेक करून सोडवता येतात.

शाळा ऐकतच नसेल तर? सरकारी शाळेसाठी आधी बीआरसी कार्यालय, मग जिल्हा शिक्षण केंद्र. विशेष शिक्षक तिथूनच फिरतीवर येतात. एकेकाकडे बऱ्याच शाळा असतात, त्यामुळे तुमच्या शाळेचा वार कोणता हे विचारून घ्या. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक, त्यापुढे १५ मुलांमागे एक. तुमचं मूल नोंदलं गेलं तरच त्या हिशेबात एक आकडा वाढतो. दर मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते, तिथं दिलेल्या आवेदनावर वरून शेरा पडून ते खाली येतं. त्यापलीकडे भोपाळला राज्याचे दिव्यांगजन आयुक्त आहेत. त्यांना माणूस आणि कागद बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. वकील करावा लागत नाही.

१८१ बद्दल माझं मत वेगळं आहे. अडलेली शिष्यवृत्ती किंवा न आलेलं कार्ड यासाठी सीएम हेल्पलाइन चांगली. पण ज्या वर्गात मूल रोज सहा तास बसतं, त्या वर्गाशी पहिलं बोलणं हेल्पलाइनवरून करू नये. तक्रार पडली की समोरच्याचं लक्ष मुलावरून तक्रार बंद करण्यावर जातं. कोणी फोन करून ‘आता बंद करून टाका’ म्हणालं तर काम झालंय का ते आधी बघा.

शाळेत एकट्यानं जाऊ नका. टेबलापलीकडे चार जण आणि अलीकडे एकटी आई, असं दृश्य मी पाहिलंय. तिला घाम फुटतो, अर्धं बोलायचं राहतं. आपल्या मंडळात बँकेतले, शिक्षण खात्यातले, रेल्वेतले किती निवृत्त लोक आहेत! ड्राफ्टिंग करण्यात ज्यांचा हात धरता येणार नाही असे काका इथं पहिल्या रांगेत बसलेत. त्यांनी भाषण करायचं नाही. सोबत जाऊन शेजारी बसायचं, वहीत लिहून घ्यायचं आणि शेवटी एकदा विचारायचं, “मग हे कोणत्या तारखेपर्यंत?” एवढ्यानं बैठकीचा सूर बदलतो.

आणि मूल जरा मोठं झालं की त्यालाही न्या. सातवीत आढाव्याच्या बैठकीला मुलगी म्हणाली, मी येते, बोलणं माझ्याबद्दल आहे ना? मी यादी घेऊन गेलो होतो: बाथरूमला आधाराची दांडी, टिपणांच्या प्रती, जादा वेळ. तिला विचारलं तेव्हा ती सावकाश म्हणाली, “पीटीच्या तासाला मला लायब्ररीत एकटीला बसवतात. मला मैदानावर बसायचंय. मी स्कोअर लिहीन.” हे माझ्या यादीत नव्हतं. बायकोच्या रजिस्टरातही नव्हतं. पीटीच्या सरांनी मान हलवली आणि त्याच आठवड्यात तिच्या हातात स्कोअरबुक आलं. वॉकरला अडकवायची पिशवी तिनं आजीकडून शिवून घेतली. हात सावकाश चालतो म्हणून दोन मुली तिला आकडे दोनदा ओरडून सांगतात. त्यातली एक आता घरी येते.

अठराव्या वर्षानंतरचं थोडक्यात सांगतो, कारण इथं तशी मोठी मुलं असलेली दोन-तीन घरं मला दिसतायत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चारांसाठी १९९९ च्या कायद्यानं राष्ट्रीय न्यास स्थापन झाला आहे. त्याच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. अठरानंतर ज्याला स्वतःचे व्यवहार जमणार नाहीत त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमावा लागतो, ते काम कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती करते. आई-बाप आहेत म्हणजे आपोआप पालक, हे अठराव्या वाढदिवसाला संपतं. म्हाताऱ्या आई-वडिलांनी हा कागद उद्यावर टाकू नये.

शेवटी माझ्या धंद्याची एक गोष्ट. सवयच आहे, म्हणून आल्याआल्या मी आपल्या सभागृहाच्या पायऱ्या मोजल्या. चार आहेत, पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या. म्हणजे साठ सेंटिमीटर चढ. नियमाप्रमाणे उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे सात मीटर वीस सेंटिमीटर लांबी. सुमारे चोवीस फूट. बरेच लोक उतार म्हणून आठ-दहा फुटांची घसरगुंडी बांधतात. तिच्यावरून व्हीलचेअर चढत नाही आणि उतरताना माणूस पडतो. आपल्या डाव्या भिंतीलगत स्कूटर लावतात ती जागा पुरेशी आहे, मी पावलांनी मोजली. दोन्ही बाजूंना कठडे लागतील. अंदाजपत्रक मी काढून देतो, त्याचं काही देऊ नका. अध्यक्ष महोदयांना लेखी आवेदन आत्ताच देतोय, पोच हवी.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला आपण काही जण इथंच बसणार आहोत. ज्यांना शाळेला पत्र लिहायचंय किंवा कार्डाचं आवेदन भरायचंय त्यांनी यावं. येताना मुलाचा जन्मदाखला, आधार, समग्र आयडी, असेल ते प्रमाणपत्र, दवाखान्याचे जुने कागद, शाळेची मागची दोन प्रगतिपुस्तकं आणि प्रत्येकाच्या दोन-दोन फोटोकॉप्या आणा. मुलांनाही आणा. उतार होईपर्यंत पायऱ्यांपाशी दोन माणसं उभी असतील.